सव्वा व्होल्ट

रब्बीच्या दिवसांत नालवाडीतला दिवा संध्याकाळी तांबडा व्हायचा. आजूबाजूच्या शेतांत गव्हाला पाणी द्यायची वेळ झाली की विहिरींवरच्या मोटारी एकामागून एक सुरू होत आणि साठ वॅटच्या बल्बची तार पिवळीची नारिंगी, नारिंगीची लाल होत जाई. पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी होत. रात्री उशिरा मोटारी थांबल्या की तोच बल्ब डोळे दिपतील इतका पांढरा फकफकायचा आणि अशाच एखाद्या रात्री उडायचा. 'व्होल्टेज डाउन आहे' आणि 'व्होल्टेज वाढलं' ही वाक्यं आमच्याकडे पावसापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज बोलली जात. १९८० च्या दशकात वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही ती आठवतील.

यात गूढ काही नव्हतं. तार जितकी लांब तितका तिचा विरोध जास्त, आणि तिच्यातून जितका प्रवाह ओढावा तितका दाब वाटेतच खर्च होतो. भारतीय वीज नियम, १९५६ प्रमाणे घरगुती दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक खाली-वर जायला नको होता. पण डीपीपासून शेवटच्या खांबावरच्या घराला नियम कळण्याआधी तारेची लांबी कळते.

नागपूर रस्त्यावर माझ्या मामांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे. टीव्हीच्या शेजारी ठेवायचे स्टॅबिलायझर दुरुस्तीला ढिगाने येत. त्यांचं काम ढोबळ असे. दाब घसरला की आतला रिले 'टक' असा आवाज करून ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या टॅपवर जाई, वाढला की परत 'टक' करून खाली येई. पायऱ्यापायऱ्यांनी चढ-उतार. तेवढ्याने बल्ब वाचत असे, टीव्हीच्या चित्राला ते पुरत नसे. लहान कृष्णधवल संचाच्या आतल्या मंडळाला अकरा-बारा व्होल्ट लागत आणि ते जरा जरी हलले तरी चित्र चारी बाजूंनी आकसायचं, कडेला काळी चौकट उमटायची. म्हणून प्रत्येक संचाच्या पोटात आणखी एक राखणदार बसवलेला असे. तो 'टक' करत नसे. त्याचं काम अखंड चालू असायचं.

त्या राखणदाराची गोष्ट मला सांगायची आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी, फार तर दहा वर्षांच्या अवधीत, पाटीएवढ्या पट्टीवरचं ते मंडळ नखाएवढ्या तुकड्यात मावलं. आणि या दहा वर्षांत त्याने एक विचित्र वळण घेतलं. आधी तो बदलता होता, मग स्थिर झाला, मग पुन्हा बदलता. कॅलिफोर्नियातल्या दोन-चार माणसांनी ते घडवलं. ते मला समजलं मात्र नालवाडीतल्या चरख्यामुळे.

नालवाडीचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते विनोबांमुळे. १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याचा आश्रम सोडून या दलित वस्तीत राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी जाईपर्यंत इथेच राहिले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. चरख्याचा सरंजाम बनवणारा कारखाना, चर्मालय असे उद्योग इथे उभे राहिले. १९३५ मध्ये विनोबांनी कातणाऱ्याच्या मजुरीत आपलं पोट भागतं का, हे स्वतः सूत कातून इथेच पाहिलं आणि त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी द्यायचं धोरण स्वीकारलं. आमच्या लहानपणी तो काळ ओसरला होता, पण कातणारी म्हातारी माणसं होती आणि त्यांच्यापाशी बसून पाहता येत असे.

कातणाऱ्याच्या हाताकडे नीट पाहावं. उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हाताच्या चिमटीत पेळू असतो. पेळू काही सगळीकडे सारखा नसतो. कुठे कापूस दाटलेला, कुठे विरळ. तरी सूत एका जाडीचं निघतं. चिमटीला तार जाड लागली की हात जरा जास्त ओढ देतो, बारीक लागली की जरा सैल सोडतो. किती जाड म्हणजे जाड, हे कातणाऱ्याच्या मनात पक्कं असतं. त्याला सुताचा नंबर म्हणतात. वीस नंबर कातणाऱ्याच्या बोटांत वीस नंबर मुरलेला असतो. म्हणजे आत एक माप, बाहेर आलेल्या तारेची त्या मापाशी क्षणोक्षणी तुलना आणि तुलनेत फरक निघाला की चिमटीची दुरुस्ती. येणारा कापूस कसाही असो, जाणारं सूत एकसारखं.

व्होल्टेज रेग्युलेटर हेच करतो, एवढंच करतो. मामांच्या टेबलावर टीव्हीची पट्टी उघडली की त्यातला प्रत्येक भाग बोट ठेवून दाखवता येई. चिमटीच्या जागी जाडजूड ट्रान्झिस्टर, बहुधा धातूच्या टोपीतला टू-एन-३०५५. मापाच्या जागी झेनर डायोड. तुलना करायला दुसरा लहान ट्रान्झिस्टर. आणि कोपऱ्यात एक इवलासा प्रीसेट, पेचकसाने फिरवायचा, ज्याने 'किती व्होल्ट' ते ठरे. हे सुटे-सुटे मंडळ चांगलं चाले. पण त्यात आठ-दहा भाग, आठ-दहा डाख, आणि प्रत्येक डाख म्हणजे एक दिवस सुटणारी जागा.

सगळ्यात अवघड भाग होता माप. बाकीचं सगळं त्याच्यावर उभं. व्हॉल्व्हच्या जमान्यात काचेच्या नळीत विरळ वायू भरून तो पेटता ठेवत. अशा वायूच्या दोन टोकांमधला दाब प्रवाह बदलला तरी जवळजवळ तसाच राहतो. दीडशे व्होल्टची अशी नळी जांभळट उजेड देत बसे. मग आला झेनर. विद्युतरोधकातून प्रवाह एकाएकी कसा फुटून वाहू लागतो, याचं गणित क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये मांडलं होतं; नालवाडीत ग्रामसेवा मंडळ निघालं तेच वर्ष. झेनर डायोडची एक गंमत म्हणजे साडेपाच-सहा व्होल्टच्या आसपास त्याच्यातले दोन परिणाम एकमेकांना खोडतात. एक उन्हाळ्यात वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, म्हणून तो ऊन-थंडीत फारसा हलत नाही. त्याच्या खालच्या किंवा वरच्या झेनरला मे महिना बाधतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॅलिफोर्निया. रॉबर्ट विडलर, सगळे त्याला बॉब म्हणत, १९३७ साली क्लीव्हलंडमध्ये जन्मला आणि १९६३ मध्ये फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीत आला. सिलिकॉनच्या एका तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर कोरता येतात, हे तेव्हा नवीन होतं. बहुतेक अभियंते सुट्या भागांचं मंडळच जसंच्या तसं लहान करू पाहत होते. विडलरला उमगलं की सिलिकॉनवर हिशोब उलटा आहे. इथे रेझिस्टर जागा खातात, ट्रान्झिस्टर स्वस्त पडतात, आणि शेजारी-शेजारी कोरलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावांसारखे एकसारखे निघतात. या जुळेपणावर त्याने आपली सगळी कारागिरी उभी केली. पुढे तो नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये गेला आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथून एलएम १०० हा एका तुकड्यावरचा रेग्युलेटर निघाला. थोड्याच अवधीत फेअरचाइल्डने ७२३ आणला.

हे दोन्ही बदलते होते. ७२३ ला तर चौदा पाय. आत साधारण सव्वासात व्होल्टचं माप, तुलना करणारं मंडळ आणि दीडशे मिलिअँपिअरपर्यंतचा लहान ट्रान्झिस्टर. बाकी सगळं वापरणाऱ्याच्या हातात. दोन व्होल्ट हवेत की सदतीस, मर्यादा किती प्रवाहाला घालायची, मोठा ट्रान्झिस्टर जोडायचा का, हे बाहेरच्या रेझिस्टरांनी ठरवायचं. सात व्होल्टच्या खाली हवं असेल तर जोडणी एक, वर हवं असेल तर जोडणी दुसरी. ७२३ मला आजही आवडतो, कारण त्यात काही लपलेलं नाही. ज्याला रेग्युलेटर शिकायचा आहे त्याने तो एकदा हाताने जोडावा. पण घाईच्या माणसाला तो नको वाटे, आणि १९७० च्या सुमाराला जग घाईत होतं.

घाई संगणकवाल्यांना होती. टीटीएल जातीची तर्कमंडळं पसरत होती आणि त्यांना लागत बरोबर पाच व्होल्ट. पाव व्होल्ट कमी किंवा पाव व्होल्ट जास्त एवढीच सूट. कपाटात एक मोठा रेग्युलेटर बसवून तिथून सगळ्या कार्डांना पाच व्होल्ट वाटायची पद्धत होती. दहा-वीस अँपिअर प्रवाह, तांब्याच्या पट्ट्या, आणि शेवटच्या कार्डापर्यंत पोचता-पोचता दाब पडलेला. शेवटच्या खांबावरच्या आमच्या घराची जी गत, तीच त्या कपाटातल्या शेवटच्या कार्डाची. उपायही तोच: प्रत्येक घराने आपला स्टॅबिलायझर ठेवावा, तसा प्रत्येक कार्डाने आपला रेग्युलेटर ठेवावा. पण त्यासाठी तो स्वस्त हवा, लहान हवा आणि जोडायला डोकं न लागणारा हवा. चौदा पायांचा ७२३ प्रत्येक कार्डावर कोण जोडत बसेल?

१९६९-७० मध्ये विडलरने एलएम १०९ दिला. तीन पाय. एकात कच्चा दाब आत, एक जमिनीला, एकातून पाच व्होल्ट बाहेर. फिरवायला काही नाही, ठरवायला काही नाही. एक अँपिअरहून जास्त प्रवाह देणारा मोठा ट्रान्झिस्टर त्याच तुकड्यावर. प्रवाह फार ओढला तर तो आपणच आवरतो, फार तापला तर आपणच बंद पडतो आणि निवल्यावर परत चालू होतो.

यातली खरी करामत मापाची होती. पाच व्होल्टच्या रेग्युलेटरच्या पोटात सहा-सात व्होल्टचा झेनर ठेवणं म्हणजे पायलीच्या डब्यात मणाचं माप कोंबणं. विडलरने झेनर काढून टाकला. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधला दाब तापमान एक अंश वाढलं की सुमारे दोन मिलिव्होल्टने घसरतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना त्याचा त्रास होता. पण जुळ्या ट्रान्झिस्टरांपैकी एकातून दाट आणि एकातून विरळ प्रवाह सोडला, तर त्या दोघांच्या दाबांमधला फरक मात्र तापमानाबरोबर वाढत जातो. घसरणाऱ्यात हा वाढणारा योग्य प्रमाणात मोठा करून मिळवला, की बेरीज ऊन-थंडीत जागची हलत नाही. ही बेरीज सव्वा व्होल्टच्या जरा खाली येते आणि ती कारखानदाराच्या मर्जीवर नाही; ती सिलिकॉनच्या जातीतच आहे, त्याच्या अणूंमधल्या ऊर्जेच्या दरीतून आलेली. फेअरचाइल्डमधल्या डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये हा विचार मांडला होता. तुकड्यावर तो रोजच्या वापरात आणला विडलरने. कोणत्याही कारखान्यात सिलिकॉन घ्या, त्यातून हेच माप निघणार.

आपल्याकडे सव्वा हा शुभ आकडा. सव्वा रुपया ठेवून पूजा सुरू होते. मामांनी मला हे माप सांगितलं तेव्हा 'वन पॉइंट टू फाइव्ह' असं न म्हणता ते सहज 'सव्वा' म्हणाले, आणि ते जे डोक्यात बसलं ते बसलं.

विडलर १९७० च्या अखेरीस, तेहेतिसाव्या वर्षी, नोकरी सोडून मेक्सिकोत समुद्रकाठी राहायला गेला. अधूनमधून कामाला परतत राहिला. १९९१ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी तिथेच वारला.

एलएम १०९ ची वाट इतरांनी रुंद केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फेअरचाइल्डने ७८०० ही मालिका काढली. शेवटचे दोन आकडे म्हणजे व्होल्ट: ७८०५ म्हणजे पाच, ७८१२ म्हणजे बारा, ७८२४ म्हणजे चोवीस. ऋण दाबासाठी ७९०५, ७९१२. इतकं सरळ नाव इलेक्ट्रॉनिक्समध्ये दुसऱ्या वस्तूला क्वचितच मिळालं असेल. जानेवारी १९७५ मध्ये अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक अमेरिकेत जाहीर झाला. त्याच्या कपाटात सगळ्या कार्डांना कच्चे आठ व्होल्ट वाटले जात आणि प्रत्येक कार्डावरचा रेग्युलेटर आपापले पाच बनवून घेई. विडलरचा विचार घरोघर पोचला तो असा.

मग अडचण दुकानदाराची झाली. पाच, सहा, आठ, बारा, पंधरा, अठरा, चोवीस; त्यांचे ऋण जोडीदार; कमी प्रवाहाचे वेगळे. फडताळ भरून गेलं, आणि नेमका साडेसात व्होल्टचा हवा असला तर तो कुठेच नाही. नॅशनलमधला बॉब डॉबकिन या प्रश्नाशी भिडला आणि १९७६ मध्ये एलएम ११७ आणि त्याचा स्वस्त भाऊ एलएम ३१७ बाजारात आला. पाय तीनच. पण तो पुन्हा बदलता.

तीन पायांत बदलता रेग्युलेटर बसवणं सोपं नव्हतं. आत यायला एक, बाहेर जायला एक, जमिनीला एक आणि किती ते सांगायला एक, असे चार तरी लागतात. डॉबकिनने जमिनीचा पायच काढून टाकला. आतल्या मंडळाला जगायला लागणारा प्रवाह जमिनीत न सोडता त्याने बाहेर जाणाऱ्या पायातूनच सोडला. त्यामुळे ३१७ ला जमीन कुठे आहे हे ठाऊकच नसतं. त्याला एवढंच कळतं: माझ्या बाहेरच्या पायात आणि 'जुळवणी'च्या पायात सव्वा व्होल्टचं अंतर राखायचं. या दोन पायांमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर लावला की त्यातून सव्वा भागिले २४०, म्हणजे सुमारे पाच मिलिअँपिअर वाहणारच. तोच प्रवाह खालच्या दुसऱ्या रेझिस्टरमधून जमिनीकडे जातो, कारण जुळवणीच्या पायातून येणारा प्रवाह जवळजवळ नगण्य, पन्नास मायक्रोअँपिअर. खालचा रेझिस्टर जेवढा मोठा, तेवढा सगळा डोलारा वर उचलला जातो. खाली दीड हजार ओहम लावा, नऊ व्होल्ट मिळतात. सव्वा व्होल्टपासून सदतीसपर्यंत काय हवं ते या दोन दमडीच्या रेझिस्टरांनी ठरतं. ७८०५ च्या पोटातही असेच दोन रेझिस्टर असतात. ते कारखान्यात कोरलेले, एवढाच स्थिर आणि बदलत्यात फरक. माप दोघांचंही आतच. वाटणी तेवढी कुणाच्या हातात, हा प्रश्न.

महाराष्ट्रात हे तुकडे येण्याआधी नियंत्रित दाबाचं काम सुरू झालेलं होतं. १९६२ मध्ये प्रभाकर देवधर यांनी ठाण्यात अ‍ॅपलॅब सुरू केली. पॉवर सप्लाय आणि मोजमापाची उपकरणं हा तिचा व्यवसाय. पुढे देवधर भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स कमिशनचे अध्यक्ष झाले. एका मराठी माणसाने ठाण्यात बसून हे करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९८३ नंतर राज्यात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं भराभर निघाली आणि त्या प्रयोगशाळांमध्ये शून्य ते तीस व्होल्टचा, दोन गुंड्यांचा पॉवर सप्लाय ही टेबलाइतकीच ठरलेली वस्तू झाली. एक गुंडी ढोबळ फिरवायची, दुसरी बारीक. ती फिरवताना काटा आपल्या बोटाचं ऐकतो, हे पहिल्यांदा पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही.

आमच्या दुकानात असा सप्लाय नव्हता. मामा नागपूरला सीताबर्डीला जाऊन सुटे भाग आणत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही नावं आम्ही ऐकली होती, पाहिलेली नव्हती. एका फेरीत ते पहिल्यांदा ३१७ घेऊन आले. दिसायला हुबेहूब ७८०५: काळं अंग, पाठीला भोक असलेला धातूचा पत्रा, तीन पाय. मामांनी दोन्ही माझ्या तळहातावर शेजारी ठेवले.

"पाय, दोघं दिसाले सारखेच हायेत ना?"

"हो."

"आता त्याइचे पाय पाय."

आमच्या बोलीत 'पाय' म्हणजे पाहा, आणि पाय म्हणजे पायही. म्हणून हे वाक्य चाळीस वर्षं लक्षात आहे. ७८०५ ची छपाई आपल्याकडे धरली तर डावीकडून आत, जमीन, बाहेर. ३१७ चं डावीकडून जुळवणी, बाहेर, आत. म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवला की कच्चा दाब भलत्याच पायावर जातो. पाठीचा पत्राही वेगळा: ७८०५ चा जमिनीला जोडलेला, म्हणून लोखंडी पेटीला खुशाल आवळावा, ३१७ चा बाहेरच्या पायाला जोडलेला, तो तसाच आवळला की शॉर्ट. मध्ये अभ्रकाची चकती हवी. या दोन गोष्टी किती दुकानांत किती संच जाळून शिकल्या गेल्या असतील!

मामांनी ३१७ पासून पहिलं काय केलं असेल, तर बॅटरी एलिमिनेटर. त्या काळच्या घरांत ही वस्तू फार मोलाची. ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डरचे सेल महाग पडत, म्हणून विजेवर चालणारी ही डबी. तिच्यावर सरकत्या बटणाने तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ असे व्होल्ट निवडायचे. बाजारातल्या स्वस्त एलिमिनेटरमध्ये रेग्युलेटर नसे, नुसते ट्रान्सफॉर्मरचे टॅप, त्यामुळे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गाणं खर्जात जाई आणि मागे सतत गुणगुण. मामांच्या एलिमिनेटरमध्ये गोल स्विच होता, प्रत्येक ठिकाणी वेगळा रेझिस्टर. २४० ओहमचा आमच्याकडे मिळत नसे, २२० चा मिळे. मग सगळा हिशोब वहीत पुन्हा मांडायचा. अपूर्णांकांची भीती माझी तिथे गेली.

माझी चूकही तिथलीच. स्विचच्या ऐवजी सरळ पॉट, म्हणजे गुंडीने बदलता येणारा रेझिस्टर, लावला तर हवं ते मिळेल, म्हणून मी एक एलिमिनेटर स्वतः बनवला आणि शेजारच्या काकूंना दिला. दोन महिने चालला. मग पॉटमध्ये धूळ गेली, आतला घासणारा पट्टा एका जागी उचलला गेला, आणि खालचा रेझिस्टर मंडळातून सुटला. जुळवणीचा पाय अधांतरी राहिला की ३१७ ला खाली जमीन किती खोल ते कळत नाही. तो दाब जमेल तितका वर चढवतो. सहा व्होल्टच्या टेपरेकॉर्डरला जवळजवळ अठरा मिळाले. काकूंनी त्यात मुलाच्या बारशाची कॅसेट ठेवलेली होती. कॅसेट वाचली, टेप गेला. मामांनी तो पदरचे पैसे घालून नीट करून दिला आणि मला काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला: गिऱ्हाइकाच्या घरी जाणाऱ्या वस्तूत स्थिर रेग्युलेटर, बदलता असेल तर आपल्या टेबलावर.

हा नियम मला आजही बरोबर वाटतो. ज्या यंत्राला आयुष्यभर पाचच व्होल्ट लागणार आहेत त्याला गुंडी देणं म्हणजे बिघडायची एक जागा वाढवणं. गुंडी असली की कुणाचा तरी हात तिच्याकडे जातोच. आणि ७८ मालिका वाटते तितकी हट्टीही नाही. तिच्या जमिनीच्या पायाखाली एक साधा डायोड टेकू म्हणून ठेवला, की पाचाचे साधारण पाच पूर्णांक सहा-सात होतात. झेनर ठेवला तर आणखी वर. सहा व्होल्टचा तुकडा संपलेला असला की मामा हाच टेकू लावत.

दोघांचा सामाईक शत्रू उष्णता. चिमटीने दाबलेला जास्तीचा दाब कुठे जाणार? तो तापतो. बारा व्होल्ट आत, पाच बाहेर, एक अँपिअर प्रवाह: सात वॅट नुसते जाळायचे. पत्र्याला थंडावा देणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, नसेल तर प्रत्येक वॅटला आतलं तापमान सुमारे साठ अंशांनी चढतं. दीड वॅट म्हणजे नव्वद अंश. कंपनीच्या कागदावर बाहेरचं तापमान पंचवीस धरलेलं असतं; पंचवीस आणि नव्वद मिळून एकशे पंधरा, सव्वाशेच्या मर्यादेत बसलं. वर्ध्याच्या मे महिन्यात पंचेचाळीस धरा: एकशे पस्तीस, मर्यादेबाहेर. त्यात पेटीच्या आतली हवा बाहेरच्याहून गरम. म्हणून उन्हाळ्यात दुकानात एक ठरावीक तक्रार येई: संच दुपारी आपोआप बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. लोकांना वाटे सैल वायर असेल. मामा पाठ उघडून रेग्युलेटरजवळ बोट नेत, हीटसिंकखाली वाळलेली पांढरी पेस्ट खरवडून नवी लावत. विडलरने बसवलेला तो आतला पहारा आपलं काम चोख करत असायचा.

ही जळणारी शक्तीच पुढे या जातीला मागे सारणारी ठरली. दाब जाळण्याऐवजी तो सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून उतरवणारे स्विचिंग रेग्युलेटर स्वस्त झाले. आज मोबाइलच्या चार्जरमध्ये तेच आहेत. १९९६ च्या यूएसबीने पाच व्होल्ट जगभर स्थिर करून टाकले. आता नवे फोन आणि चार्जर तारेवरूनच आपसात बोलतात. फोन सांगतो नऊ दे, आता पंधरा दे. नव्या प्रकारात हे मागणं वीस मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी चालतं. कारखान्यात कोरलेले रेझिस्टर नाहीत, माणसाच्या बोटाखालची गुंडीही नाही. वाटणी घेणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन झाली. मापाच्या ठिकाणी मात्र बहुतेकांत अजूनही सिलिकॉनचं तेच सव्वाच्या आसपासचं माप बसलेलं आहे.

इकडे वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, जिला सगळे एमगिरी म्हणतात, तिने सौर चरख्यावर काम केलं. उन्हाच्या पत्र्यातून येणारा दाब ढग आला की पडतो, दुपारी चढतो; तो कापसाच्या पेळूइतकाच एकसारखा नसतो. चात्यांचा वेग मात्र राखावा लागतो, नाहीतर पीळ बिघडून सूत तुटतं. नालवाडीतल्या कातणाऱ्याच्या चिमटीचा एक वाटा आता दाब राखणाऱ्या मंडळाकडे आला आहे.

मामांचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं टेबल माझ्याकडे आहे. टेबलावरच्या भिंतीला त्यांनी वहीचा पुठ्ठा खिळ्याने ठोकला होता. त्यावर निळ्या शाईत दोन चौकोन आणि सहा रेघा. एका चौकोनाखाली 'आत – जमीन – बाहेर', दुसऱ्याखाली 'जुळव – बाहेर – आत', आणि दुसऱ्याच्या बाजूला उभ्या अक्षरांत 'अभ्रक!'. तो पुठ्ठा मी खिळ्यासकट काढून आणला. शाई आता फिकट जांभळी झाली आहे. ३१७ चा डाख द्यायच्या आधी मी अजूनही मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहतो.